अंजनेरीच्या पायथ्याची काडी : एका काडीकिड्याचे नाव आणि त्याचा नकाशा

त्र्यंबकेश्वर तालुक्यात, अंजनेरीच्या डोंगराखाली वसलेल्या एका गावाच्या लोक जैवविविधता नोंदवहीत, म्हणजे गावातील सजीवांची नोंद ठेवणाऱ्या वहीत, कीटकांच्या पानावर दोन वर्षांपूर्वी एक ओळ लिहिली गेली : ‘भारतीय काडीकिडा, कॅरॉसियस मोरोसस, पेरूच्या झाडावर.’ नाव सुचवले होते प्राणिशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या एका विद्यार्थ्याने, त्याला होकार दिला होता त्याची शिक्षिका म्हणून मी, आणि पडताळणीच्या रकान्यात सहीही माझीच होती. ती ओळ चुकीची होती. ती कशी लिहिली गेली, कोणत्या खुणांवरून चुकीची ठरली आणि तिच्या जागी काय लिहिले, याची ही नोंद आहे. काडीकिड्यांच्या बाबतीत वर्गीकरण आणि प्रसार (कोणती जात कुठे आढळते) हे दोन वेगळे विषय नाहीत, हे मला या एका किड्याने शिकवले, म्हणून ती सविस्तर लिहीत आहे.

एका गावाच्या वहीतल्या किड्याच्या नावाने काय बिघडते, असा प्रश्न ग्रामपंचायतीतही विचारला गेला आणि तो रास्त होता. त्याचे उत्तर त्या नावाच्या इतिहासात आहे. कॅरॉसियस मोरोसस या जातीचे वर्णन रॉबेर द सिनेती या फ्रेंच जेझुइट अभ्यासकाने १९०१ मध्ये केले. त्याच्याकडचे किडे दक्षिण भारतातून, तमिळनाडूतील पळणी डोंगररांगेत कोडईकनालजवळ असलेल्या शेंबगनूरच्या परिसरातून गेलेले होते. या जातीत नर अत्यंत दुर्मीळ असतो, मादी नराशिवाय अंडी घालते आणि त्यांतून पुन्हा माद्याच निघतात. त्यामुळे ती युरोपातील प्रयोगशाळांत आणि शाळांच्या काचपेट्यांत सहज वाढली, आणि कीटक सहा पायांचा ताळमेळ कसा राखतो यावर जर्मनीत जे दीर्घ संशोधन झाले, त्यातले बरेचसे याच किड्यावर झाले. पेट्यांतून निसटून ती मदीरा, अझोर्स, दक्षिण आफ्रिका, कॅलिफोर्निया अशा ठिकाणी रुजली. म्हणजे जगभर ‘भारतीय काडीकिडा’ म्हणून ओळखला जाणारा हा किडा भारतात मात्र दक्षिणेच्या एका मर्यादित डोंगराळ भागाचा रहिवासी आहे. आमची ओळ खरी धरली असती, तर त्या जातीचा नकाशा सरळ रेषेत हजार किलोमीटरांहून अधिक उत्तरेकडे ओढला गेला असता, आणि तोही एका मोबाइलवरच्या छायाचित्राच्या आधारावर.

किडा सापडला तो भाद्रपदात, गणपती उठल्यानंतरच्या आठवड्यात. विद्यार्थ्याची आई घरामागच्या पेरूची फांदी वाकवत असताना तिच्या हाताखालची एक काडी हलली. मुलाने तिचे छायाचित्र काढले, मोबाइलमधील ओळख सांगणाऱ्या सोयीने तत्काळ नाव दिले, आणि दुसऱ्या दिवशी बिस्किटांच्या प्लास्टिकच्या बरणीत, झाकणाला भोके पाडून, पेरूच्या डहाळीसह ती काडी माझ्या टेबलावर आली. “मॅडम, कॅरॉसियस मोरोसस. आपल्या पुस्तकात पण हेच आहे,” असे तो म्हणाला, आणि पुस्तकात खरोखरच हेच होते. आमच्या पाठ्यपुस्तकांत काडीकिड्याचे एकच चित्र असते आणि त्याखाली हेच एक नाव असते. नोंदवहीचे काम त्याच आठवड्यात पूर्ण करून जैवविविधता व्यवस्थापन समितीकडे द्यायचे होते. मी किडा पाहिला, रंग पाहिला, पंख नाहीत हे पाहिले, आणि सही केली.

चूक लक्षात आली ती त्यानंतर नवव्या दिवशी. बरणीतला किडा मी काचेच्या उभ्या पेटीत हलवला होता आणि तळाशी वर्तमानपत्र अंथरले होते. संध्याकाळी प्रयोगशाळा शांत झाली की कागदावर मोहरीचा दाणा पडावा तसा बारीक आवाज येई. मादी अंडी टाकत होती. ती गोळा करण्यासाठी मी पेटी उघडली, तेव्हा किडा फांदीवरून खाली उतरत होता. त्याने पुढचे दोन्ही पाय प्रथमच बाजूला पसरले होते, आणि त्यामुळे त्याच्या मिशा प्रथमच स्पष्ट दिसल्या. त्या अगदी आखूड होत्या.

येथे थोडे थांबून सांगणे आवश्यक आहे, कारण सगळे प्रकरण या एका दृश्यावर फिरले. विश्रांतीच्या वेळी काडीकिडा पुढचे पाय डोक्याच्या पुढे सरळ ताणून जोडतो. पुढच्या मांडीच्या मुळाशी आतल्या बाजूने एक खोलगट बाक असतो, त्यात डोके नेमके बसते आणि मिशा दोन पायांच्या मधे झाकल्या जातात. त्यामुळे डोके कुठे संपले आणि पाय कुठे सुरू झाले हे कळत नाही. पक्ष्याची नजर चुकवण्यासाठी ही रचना उपयोगी आहे, आणि छायाचित्राची नजरही ती तितकीच चुकवते. मुलाच्या छायाचित्रात मिशा नव्हत्याच. होती ती फक्त पायांची रेघ. यंत्राने ज्या खुणेवरून ओळखायला हवे होते ती खूण त्याला दिसलीच नव्हती, आणि ज्या नावाची छायाचित्रे जगात सर्वाधिक आहेत ते नाव त्याने पुढे केले. यंत्राचा हा दोष मी मोठा मानत नाही. माझ्यासमोर जिवंत किडा होता आणि माझ्याकडे भिंग होते.

मिशीची लांबी आणि पुढच्या मांडीची लांबी यांची तुलना ही भारतीय उपखंडातील बिनपंखी काडीकिड्यांना दोन मोठ्या गटांत विभागणारी जुनी आणि अजूनही उपयोगी खूण आहे. कॅरॉसियस ज्या गटात मोडतो त्या गटातील किड्यांच्या मिशा लांब असतात, पुढच्या मांडीहून सहसा अधिक, आणि त्यांत बारीक खंड पुष्कळ असतात. दुसऱ्या गटातील, म्हणजे क्लिटम्निनी उपकुलातील मादीच्या मिशा पुढच्या मांडीहून स्पष्टपणे आखूड असतात, खंड मोजता येतील इतके ठळक असतात, आणि पुढच्या मांडीच्या वरच्या कडेला मुळाशी करवतीसारखे बारीक दाते असतात. आमच्या मादीच्या शरीराची लांबी, पाय सोडून, ९४ मिलिमीटर भरली. मिशी पुढच्या मांडीच्या निम्म्याहूनही कमी होती. मांडीच्या वरच्या कडेवर नखाचे टोक फिरवले तर दाते बोटाला जाणवत होते. आणखी एक खूण अशी की कॅरॉसियस मोरोससच्या प्रौढ मादीच्या पुढच्या मांडीच्या मुळाशी, आतल्या बाजूस, लाल डाग असतो. तो येथे नव्हता.

तरीही त्याच दिवशी नाव बदलणे मला योग्य वाटले नाही, आणि त्याचे कारण त्या मादीच्या डाव्या मधल्या पायात होते. तो पाय उजव्यापेक्षा किंचित आखूड आणि बारीक होता. सूक्ष्मदर्शकाखाली त्याच्या पावलाचे खंड मोजले, तर चारच भरले. काडीकिड्यांच्या पावलाला पाच खंड असतात. अमेरिकेच्या पश्चिम भागातील टिमेमा या प्रजातीत (प्रजाती म्हणजे जवळच्या जातींचा गट) ते तीन असतात. चार खंड म्हणजे तुटून पुन्हा उगवलेला पाय. काडीकिड्याचे पिल्लू संकटात पाय सोडून देते आणि पुढच्या काती टाकताना तो हळूहळू परत येतो, पण परत आलेल्या पावलाला पाचाऐवजी चार खंड असतात. मिशांच्या बाबतीत तर याहून विचित्र घडते. मिशी विशिष्ट ठिकाणी तुटली, तर तिच्या जागी मिशीऐवजी पायासारखा अवयव उगवू शकतो, हे कॅरॉसियसवरच्याच प्रयोगांनी दाखवले आहे. मग ज्या मादीचा एक पाय दुसऱ्यांदा उगवलेला आहे, तिच्या मिशा मूळच्याच आखूड आहेत की लहानपणी तुटून आखूड राहिल्या, हा प्रश्न टाळता येत नव्हता. दोन्ही मिशा सारख्या लांबीच्या होत्या, टोकाचा खंड निमुळता आणि अखंड होता, खंडांची संख्या दोन्हीकडे जुळत होती. हे सगळे मूळच्या आखूड मिशांच्या बाजूने होते. परंतु एकदा घाईने सही केलेल्या माणसाने दुसऱ्यांदा घाई करणे बरे नव्हे, म्हणून अंडी उबेपर्यंत थांबायचे ठरवले.

थांबण्याच्या काळात जुन्या वर्गीकरणाचा अभ्यास केला. तो केल्याशिवाय या किड्याला ठेवायचे कुठे हे सांगता आले नसते.

काडीकिडे आणि पानकिडे मिळून होणाऱ्या फॅस्मॅटोडिया या गणात आज तीन हजारांहून अधिक जाती धरल्या जातात आणि त्यांतील बहुतेक उष्ण कटिबंधातील आहेत. त्यांच्या वर्गीकरणाचा पाया संग्रहालयांत घातला गेला. वेस्टवुडने ब्रिटिश म्युझियममधील फॅस्मिड कीटकांची सूची १८५९ मध्ये प्रसिद्ध केली, तिच्यात भारतातून गेलेले पुष्कळ नमुने होते. कलकत्त्याच्या इंडियन म्युझियममधील जेम्स वुड-मेसन याने १८७० च्या दशकात आपल्याकडील जातींवर लिहिले. सर्वांत मोठे काम व्हिएन्नातील ब्रुनर फॉन वाटेनवील आणि रेडटेनबाखर यांचे. १९०६ ते १९०८ या काळात तीन भागांत निघालेल्या त्यांच्या ग्रंथाने शेकडो नव्या जातींना नावे दिली. हे सगळे लोक वाळलेल्या, टाचणीला टोचलेल्या, कित्येकदा एकाच लिंगाच्या एकाच नमुन्यावर काम करत होते. मादी आणि नर इतके वेगळे दिसतात की एकाच जातीला दोन नावे पडणे हे नेहमीचेच होते. आणि ठिकाणाच्या जागी कितीदा तरी नुसते ‘भारत’ असे लिहिलेले असे. कोकणातला किडा की आसामातला, हे त्या एका शब्दावरून कोण सांगणार? आपल्या भागातील काडीकिड्यांच्या प्रसाराचे जे तुटक चित्र हाती येते, त्याची सुरुवात येथे आहे.

पुढे गुंथर याने १९५३ मध्ये आणि ब्रॅडली व गॅलिल यांनी १९७७ मध्ये ही मांडणी पुन्हा केली. तिचा कणा होती नडगीच्या टोकाशी खालच्या बाजूस असणारी एक छोटी त्रिकोणी खळगी. ती असेल तर एक मोठा विभाग, नसेल तर दुसरा. पानकिड्यांना ती असते. कॅरॉसियसला नसते आणि क्लिटम्निनी उपकुलालाही नसते. म्हणून आमच्या प्रकरणातील दोन्ही दावेदार अर्धशतकभर एकाच विभागात शेजारी बसलेले होते. खळगी भिंगातून दिसते, वाळलेल्या नमुन्यातही टिकते, विद्यार्थ्याला शिकवता येते. सोयीच्या दृष्टीने यापेक्षा चांगली खूण सापडणे अवघड. पण सोयीची खूण म्हणजे नात्याची खूण नव्हे. २००३ मध्ये व्हाइटिंग, ब्रॅडलर आणि मॅक्सवेल यांनी डीएनएच्या आधारे काढलेल्या वंशवृक्षात हे दोन विभाग सरळ उभे राहिले नाहीत, आणि त्यानंतरच्या प्रत्येक मोठ्या अभ्यासाने ते अधिकच मोडले. त्याच लेखात काडीकिड्यांनी पंख गमावले आणि काही शाखांत ते पुन्हा मिळवले असावेत असे मत मांडले गेले, ज्यावर बराच वाद झाला.

या नव्या वंशवृक्षांतील माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी की रूपाने सारखे दिसणारे किडे दूर गेले आणि एका प्रदेशातले, रूपाने वेगळे किडे जवळ आले. ऑस्ट्रेलियाजवळच्या लॉर्ड हाउ बेटावरचा दणकट, बिनपंखी काडीकिडा न्यू गिनीच्या तशाच दणकट किड्यांचा भाऊ मानला जात असे. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डीएनए अभ्यासाने तो ऑस्ट्रेलियातील नाजूक, फांदीसारख्या किड्यांच्या शाखेतला ठरवला. जमिनीवर वावरण्याच्या सारख्या सवयीने दोन ठिकाणी सारखे शरीर घडवले होते. २०१९ मध्ये सायमन आणि सहकाऱ्यांनी हजारो जनुकांच्या आधारे जो वृक्ष मांडला, त्यात काडीकिड्यांच्या बहुसंख्य जाती दोन मोठ्या फांद्यांत विभागल्या गेल्या आणि त्या फांद्या जवळजवळ भूगोलावर बसल्या : एक नव्या जगाची, म्हणजे अमेरिकांची, दुसरी जुन्या जगाची. काडी होणे हा या गणाचा धंदाच आहे. तो प्रत्येक खंडात वेगळ्याने पार पडला, म्हणून काडीसारखे दिसण्याला नात्याच्या साक्षीत फारसे वजन नाही, आणि किडा कुठे मिळाला याला पूर्वी वाटत होते त्याहून कितीतरी अधिक आहे.

याच बदलांत कॅरॉसियसचा गट, पंख असलेल्या नेक्रोसिनी उपकुलासह, लॉन्कोडिडी या स्वतंत्र कुलात गेला. क्लिटम्निनी उपकुल अजून फॅस्मॅटिडी कुलात नोंदले जाते, परंतु ते कुल एकाच वंशशाखेचे नाही हे स्पष्ट झालेले असल्याने तिथली मांडणी बदलत राहील. आमच्या पुरते एवढे पुरेसे होते : नोंदवहीतील नाव बदलले तर केवळ जात बदलणार नव्हती, कुल बदलणार होते.

महाविद्यालयाच्या संग्रहातील एका खणाने या प्रकरणात अनपेक्षित भर घातली. तिथे कापूर संपून गेलेल्या लाकडी पेटीत, दोन पाय गळालेला, तपकिरी पडलेला एक काडीकिडा होता आणि त्याखाली शाईने लिहिलेले दोन शब्द : ‘बॅक्युलम. नाशिक.’ तारीख नाही, झाड नाही, गोळा करणाऱ्याचे नाव नाही. मिशा मात्र शाबूत होत्या, आखूड होत्या आणि मांडीवर दाते होते. आमच्या मादीची ती मोठी बहीणच शोभली असती.

बॅक्युलम हे नाव त्या काळी चुकीचे नव्हते. भारत, श्रीलंका आणि आग्नेय आशियातील अशा बारीक, बिनपंखी, आखूड मिशांच्या किड्यांना दीर्घकाळ बॅक्युलमच म्हणत. घोटाळा असा निघाला की सोस्यूर याने १८६१ मध्ये ज्या जातीवरून हे प्रजातीनाव दिले, ती जात दक्षिण अमेरिकेतील आहे. नामकरणाच्या नियमाप्रमाणे नाव हे त्या पहिल्या जातीशी बांधलेले असते. म्हणून नाव अमेरिकेकडे राहिले आणि आशियातील जातींना दुसरे नाव शोधावे लागले. ते सोस्यूरनेच १८६२ मध्ये दिलेले होते : रॅम्युलस. ऑट आणि ब्रॉक यांच्या २००५ च्या सूचीपासून आशियातील बॅक्युलम रॅम्युलसमध्ये गेले. आज या प्रजातीत शंभराहून अधिक जाती आहेत आणि ती भारत, श्रीलंकेपासून चीन, जपानपर्यंत पसरलेली दिसते. इतक्या जाती एका नावाखाली आहेत याचा अर्थ त्या सगळ्या एकमेकींच्या सख्ख्या आहेत असा नव्हे. अर्धवट वर्णनांच्या, एकेकट्या नमुन्यांच्या पुष्कळ जातींचे हे गाठोडे आहे आणि ते अजून पुरते सोडवलेले नाही. जुन्या पेटीवर ‘बॅक्युलम’ वाचून कोणी आज ती नोंद जशीच्या तशी संगणकात भरली, तर नाशिकचा किडा अमेरिकन प्रजातीच्या प्रसारात जाऊन बसेल. ज्याने तो टोचला त्याची यात काही चूक नसताना.

अंडी उबण्यास साडेतीन महिने लागले. ओलसर वाळूवर ठेवलेली, तिळाएवढी, बीसारखी दिसणारी अंडी. कॅरॉसियसच्या अंड्याच्या झाकणावर जशी ठळक फिकट गाठ असते, तशी त्यांच्यावर नव्हती. ज्या जातींत ती गाठ असते, तिथे मुंग्या तिच्यासाठी अंडी वारुळात नेतात, आणि परजीवी गांधीलमाश्यांपासून अंडी वाचतात. एका थंड सकाळी झाकण उचलून पहिले पिल्लू बाहेर आले होते, अंड्यात इतके मोठे शरीर कसे मावले असेल असा प्रश्न पडावा एवढे लांब. त्याने अजून एकही पाय गमावलेला नव्हता, मिशी तुटण्याची वेळच आलेली नव्हती. मिशा आखूडच होत्या. दुसऱ्या दिवशी आणखी तीन पिल्ले आली, त्यांच्याही तशाच. आईच्या मिशांबद्दलची शंका येथे मिटली.

नराशिवाय ही अंडी उबली, असे मात्र मी लिहिलेले नाही. मादी प्रौढ अवस्थेत, झाडावरून आली होती; तिचे मीलन आधीच झालेले असू शकते. अनिषेकजननाचा दावा करायचा तर पिल्लू एकटे वाढवून, त्याची अंडी उबवून दाखवावी लागतात. विद्यार्थ्यांना हा फरक समजावताना मला जाणवले की किड्याच्या नावापेक्षा त्याच्या सवयींबद्दल आपण अधिक सहजपणे पुस्तकातले वाक्य उसने घेतो.

या सुमारास बातमी गावात आणि वर्गात पसरली होती आणि लोक निरनिराळ्या काड्या आणू लागले. गंगापूर धरणाच्या कडेच्या डबक्यातून आलेली काडी पाण्यातला ढेकूण होती, शेपटीसारख्या दोन बारीक नळ्यांनी पृष्ठभागावरची हवा घेणारा रनात्रा. गवतातून आलेली लांब हिरवी काडी प्रार्थनाकीटकांपैकी स्किझोसेफाला होती, पुढचे पाय शिकारीसाठी दुमडलेले. दोघांचाही काडीकिड्यांच्या गणाशी संबंध नाही. गावातील एका आजींनी वेगळाच प्रश्न विचारला : “बाई, वैरणीतून गुरांच्या पोटात गेला तर बाधतो का?” हा किडा पाने खाणारा आहे, चावत नाही, डंख त्याला नाही आणि त्याच्यामुळे गुरे दगावण्याची भीती बाळगण्याचे कारण नाही, असे मी त्यांना सांगितले. नोंदवहीत हे वाक्यही घातले, कारण किडा दिसला की चपलेखाली चिरडण्याचे कारण बहुधा हेच असते.

नाशिक जिल्ह्याच्या नकाशावर ही नोंद ठेवताना पर्जन्यमान पुढे ठेवावे लागते. पश्चिमेला इगतपुरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. पूर्वेला येवल्याकडे तो पाचशेच्या आसपास येतो. मधले अंतर एका दिवसात जाऊन येण्याएवढे. पश्चिमेची कारवी, करवंद, हिरड्याची झाडी आणि पूर्वेची बोरी-बाभळी यांत एकच काडीकिडा असेल असे गृहीत धरता येत नाही. मादीला पंख नाहीत. ती आयुष्यभरात जेमतेम काही झाडे बदलत असेल. अशा किड्याच्या जाती डोंगराडोंगरांत वेगळ्या पडू शकतात, आणि म्हणूनच ‘नाशिक’ एवढाच शब्द लेबलावर अपुरा आहे.

तरीही हे किडे दूर पोहोचतात, आणि कसे पोहोचतात हे प्रसाराची नोंद करणाऱ्याने लक्षात ठेवले पाहिजे. जपानमध्ये सुएत्सुगू आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये रॅम्युलससह काही काडीकिड्यांची अंडी बुलबुलाला खाऊ घातली. काही अंडी विष्ठेतून न फुटता बाहेर आली आणि रॅम्युलसच्या अंड्यांतून पिल्लेही निघाली. फळातील बीप्रमाणे किड्याचे अंडे पक्ष्याच्या पोटातून प्रवास करू शकते, आणि अंजनेरीच्या करवंदीवर बुलबुलांची वाण नाही. दुसरी वाट माणसाची. न्यूझीलंडचे काडीकिडे विसाव्या शतकात रोपांबरोबर इंग्लंडच्या कॉर्नवॉल आणि सिली बेटांवर गेले आणि तिथे अजून आहेत. अंडी मातीत पडतात, माती कुंडीत भरली जाते, कुंडी ट्रकमध्ये चढते. नाशिकच्या रोपवाटिकांत दूरदूरच्या राज्यांतून शोभेची रोपे येतात, तेव्हा उद्या कुणाला गंगापूर रोडवरच्या बागेत खरोखरच लांब मिशांचा, लाल डागाचा कॅरॉसियस सापडला, तर मी तो अशक्य म्हणणार नाही. तो कुंडीशेजारी सापडला की डोंगरात, हे मात्र पहिल्यांदा विचारीन. आमचा पेरू गावातलाच, बीपासून उगवलेला होता आणि त्या घरात विकतची कुंडी एकही नव्हती. ही चौकशी आम्ही शेवटी केली. ती पहिल्या दिवशीच व्हायला हवी होती.

दुरुस्ती करताना समितीतील एका सदस्यांचा आग्रह होता की काढायचे तर पूर्ण नाव लिहा, अर्धवट नको. वहीत ‘जात निश्चित नाही’ असे दिसणे त्यांना कमीपणाचे वाटत होते. मी तसे करण्यास नकार दिला. रॅम्युलसमधील जाती मादीच्या शेपटाकडील पट्ट्यांच्या आकारावर, नराच्या शेवटच्या खंडाच्या रचनेवर आणि अंड्याच्या कवचावरील नक्षीवर ठरतात, आणि मूळ वर्णनाच्या नमुन्याशी तुलना केल्यावाचून त्या खुणांना अर्थ येत नाही. आमच्या हाती मादी, अंडी आणि पिल्ले होती. तेवढ्यावर उपकुल ठामपणे आणि प्रजाती बऱ्याच विश्वासाने सांगता येत होती, म्हणून तेवढेच सांगितले. विद्यार्थी माझ्या बाजूने बोलला. ज्याचे नाव चुकले होते त्यानेच समितीला मिशी आणि मांडी यांतील फरक रेखाटून दाखवला, तेव्हा सदस्यांचे समाधान झाले.

नोंदवहीतील जुनी ओळ खोडलेली नाही. तिच्यावर एक रेघ आहे, बाजूला दिनांक आणि माझी सही आहे, आणि खाली नवी ओळ आहे : ‘काडीकिडा, मादी, उपकुल क्लिटम्निनी, प्रजाती बहुधा रॅम्युलस, घरामागील पेरू, उंची सुमारे ७०० मीटर, मिशी पुढच्या मांडीच्या निम्म्याहून कमी, अंडी व पिल्ले पाहिली.’ मादी जानेवारीत मेली. ती आता महाविद्यालयाच्या पेटीत आहे, मिशा पुढे न जोडता बाजूला पसरून टोचलेली, अंड्यांची छोटी कुपी शेजारी ठेवलेली. जुन्या ‘बॅक्युलम’च्या टाचणीवर नवे नाव चढवले आहे आणि जुने लेबल त्याच टाचणीवर खाली तसेच राहू दिले आहे.

काही पिल्ले विद्यार्थ्यांना नाशिकमध्ये आपापल्या बागेत सोडायची होती. त्यांना नाही म्हणावे लागले. पहिल्या वळिवानंतर करवंदीला नवी पालवी फुटली, तेव्हा उरलेली सगळी पिल्ले आम्ही त्याच गावात नेली आणि त्याच पेरूच्या बुंध्याशी सोडली.